कागदावरचा कारखाना, जागेवरचा कारखाना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं ड्रॉइंग शिकलो. मिनी ड्राफ्टर, रॉट्रिंगचं पेन आणि ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली तर ब्लेडने शाई खरवडायची, तीही इतक्या हलक्या हाताने की कागदाला भोक पडता कामा नये. सरांचा एक नियम होता. ड्रॉइंग कितीही देखणं असो, खालच्या उजव्या चौकटीत तारीख नसेल तर ते कागद परत करायचे. म्हणायचे, “हे ड्रॉइंग नाही, हे चित्र आहे. घरी नेऊन भिंतीवर लाव.” तेव्हा राग यायचा. तो नियम कशासाठी होता हे कळायला मला पुढची बारा-पंधरा वर्षं आणि एक फजिती लागली. तिथूनच सुरुवात करतो.

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘औद्योगिक प्रकल्पांमध्ये लेझर स्कॅनिंगचा उपयोग’ असा छापलाय. एका कार्यकर्त्याने मला फोनवर हळूच विचारलं होतं, “साहेब, लोक बसतील ना?” तुम्ही बसलाहात. त्यामुळे आता मीही नीट सांगायला हवं.

कोकणपट्टीतला एक रसायनांचा कारखाना. नाव सांगत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती, माझी होती. आठ दिवसांचा शटडाऊन होता. शटडाऊन म्हणजे सगळा कारखाना थंड करून, रिकामा करून, वर्षभराची कामं त्या आठ दिवसांत उरकायची. एका तासाचा उशीर झाला तरी कुणाला तरी वरून फोन येतो. आठ इंची पाइपचे चार तुकडे बसवायचे होते. आमच्या भाषेत त्यांना स्पूल म्हणतात. ऑफिसात बसून, जुन्या ड्रॉइंगवरून मोजमापं घेऊन मी ते काढले होते. वर्कशॉपमध्ये ते तयार झाले, त्यांचे एक्स-रे झाले, रंगही लागला. पहिले दोन बसले. तिसरा चेन पुली ब्लॉकवर वर चढला आणि मधेच थांबला. वाटेत लोखंडी ढाच्याची एक तिरपी कैची आडवी आलेली. कधीतरी एका पावसाळ्यात ढाचा हलतोय असं वाटून कुणीतरी ती वेल्ड करून टाकली होती. कोणत्याही कागदावर ती नव्हती. कैचीच्या बाजूने कसाबसा वळवून स्पूल नेला, तर दोन फ्लँजमधलं, म्हणजे पाइपांच्या टोकांना असलेल्या बोल्टच्या चकत्यांमधलं, अंतर नव्वद मिलिमीटरने कमी निघालं.

खाली क्रेन उभी आहे, तिचं भाडं तासावर चालू आहे. वर पंचवीस वर्षं पाइप बसवलेला एक मिस्त्री बसला होता. त्याने खिशातून दोरा काढला, ओळंबा सोडला, एकदा या फ्लँजवर, एकदा त्या फ्लँजवर गुण्या लावला. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून दोन्हीकडची पातळी पाहिली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, “साहेब, कागद बरोबर आहे. पाइप पण बरोबर आहे. कारखानाच चुकलाय.”

स्पूल खाली उतरवला, कापला, कडा पुन्हा ग्राइंडरने तासल्या, पुन्हा वेल्डिंग, रात्री पुन्हा एक्स-रे. एकोणीस तास गेले. मिस्त्रीचं ते वाक्य माझ्या डोक्यात कायमचं राहिलं. आजचं व्याख्यान म्हणजे खरं तर त्या वाक्यावरचं भाष्य आहे.

तर पहिला प्रश्न. कारखाना चुकतो कसा?

पाडव्याला भूमिपूजन केलं, नकाशाबरहुकूम बांधला आणि तसाच राहिला, असा कारखाना मी पाहिलेला नाही. तुर्भ्याच्या, म्हणजे आपल्या मुंबईच्या ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचंच बघा. एक १९५४ साली सुरू झाला, दुसरा १९५५ साली. परदेशी कंपन्यांनी उभारले, १९७४ आणि १९७६ साली ते सरकारकडे आले. सत्तर वर्षांत तिथे किती पंप बदलले असतील, किती लाइनी वाढल्या असतील, किती लाइनी बंद पडून नुसत्याच लटकत राहिल्या असतील? आपल्याकडचा साखर कारखाना घ्या. रोज १२५० टन ऊस गाळायचा म्हणून उभा राहिला. सभासद वाढले, ऊस वाढला, म्हणून २५०० टनांचा झाला. मग वीजनिर्मिती आली, मग इथेनॉल आलं. प्रत्येक वेळी वेगळा कन्सल्टंट, वेगळा ठेकेदार आणि दोन गळीत हंगामांच्या मधले तेच अपुरे महिने. प्रत्येक कन्सल्टंटने आपल्यापुरतं ड्रॉइंग केलं. आधीच्याच्या ड्रॉइंगवर विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं.

काम संपलं की ‘अ‍ॅज बिल्ट’ ड्रॉइंग द्यायचं असतं. म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलं तसं. करारात ते लिहिलेलं असतं, शेवटच्या बिलाचे काही टक्के त्यासाठी अडवूनही ठेवतात. आणि मी तुम्हाला या सभागृहात, सरांच्या फोटोसमोर उभा राहून सांगतो, की आमच्या धंद्यातली बरीच अ‍ॅज बिल्ट ड्रॉइंगं म्हणजे जुन्याच ड्रॉइंगवर मारलेला नवा शिक्का असतो. बिल निघतं, कागद कपाटात जातो. कपाटाला वाळवी लागते ती वेगळीच.

आणि सगळाच दोष माणसांचा नाही. पाया खचतो. लोखंड तापतं. वेल्डिंगने पाइप किंचित ओढला जातो. चाळीस वर्षांत कारखाना जागच्या जागी थोडा थोडा सरकलेला असतो, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीसारखा.

मग मोजायचं कसं? पूर्वी टेप, ओळंबा आणि धाडस, एवढ्यावर चालायचं. दोन माणसं शिडीवर, एक खाली वही घेऊन. वरचा ओरडून आकडा सांगणार, खालचा पंपाच्या आवाजात ‘छप्पन’ ऐवजी ‘छत्तीस’ ऐकणार. हा विनोद नाही. माझ्या वहीत असे आकडे आहेत.

इथे थोडं मागे जातो, आणि थेट हिंगणघाटला. वर्धा जिल्ह्यातलं, कापसाच्या बाजाराचं हिंगणघाट. तिथे विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ मोजून त्याने हिंदुस्थानच्या मोजणीला सुरुवात केली. एक बाजू नीट मोजायची, मग नुसते कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. त्याच्या थिओडोलाइटचं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचं, वजन अर्धा टन होतं. १८०८ साली तंजावरला देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र आपटलं, त्याची मोठी कोनचकती वाकली. हा गृहस्थ तंबूत बसून राहिला आणि दिवसेंदिवस खपून त्याने ती स्वतःच्या हातांनी सरळ केली. वीस वर्षं असं मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. आमच्या धंद्यातला कुणी नागपूरकडे निघाला, की मी त्याला म्हणतो, वाट वाकडी कर आणि जाऊन ये.

लॅम्बटन इथे का आणला? कारण आजचा लेझर स्कॅनर त्याच घराण्यातला आहे. तोही आडवा कोन मोजतो आणि उभा कोन मोजतो. फरक एवढाच की त्रिकोण सोडवत बसण्याऐवजी तो अंतर थेट मोजतो, आणि तेही उजेडाने.

लेझर पहिल्यांदा चमकला १९६० साली, कॅलिफोर्नियात, थिओडोर मायमन यांच्या प्रयोगशाळेत, माणकाच्या एका कांडीतून. त्या उजेडाचं मोजपट्टीत रूपांतर कसं होतं ते सोपं आहे. किरण सोडायचा, तो भिंतीवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उजेड एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. दहा मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला त्याला ६७ नॅनोसेकंद लागतात. आता तुम्हाला एक मिलिमीटरचा फरक ओळखायचा आहे. तर सेकंदाचे दीडशे अब्ज भाग करा आणि त्यातला एक भाग मोजा. हे अवघडच आहे, म्हणून बरीच यंत्रं दुसरी युक्ती करतात. उजेडाला ठरावीक लयीत कमीजास्त करून पाठवतात आणि परत आलेली लय पाठवलेल्या लयीच्या किती मागे पडली, ते पाहतात. भजनात एखादा टाळकरी मागे पडला की बुवांना लगेच कळतं ना? तसंच.

यंत्र कसं दिसतं? तिपाईवर ठेवलेला, जेवणाच्या डब्याएवढा ठोकळा. मधे तिरपा आरसा, तो उभा गरगर फिरतो. ठोकळा स्वतः सावकाश आडवा फिरतो. एका फेरीला काही मिनिटं लागतात, आणि सेकंदाला दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ठिकाणी किरण टेकून परत येतो. प्रत्येक टेकणं म्हणजे एक बिंदू. ते कोट्यवधी बिंदू पडद्यावर एकत्र दिसले की पाइप, जिना, खांब, हेल्मेट घालून मधेच उभा राहिलेला एखादा हौशी हेल्पर, सगळं धुक्यातून उमटल्यासारखं उभं राहतं. त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. साइटवरची पोरं नुसतं ‘क्लाउड’ म्हणतात.

इथपर्यंत ऐकून वाटेल, मग काय, बटण दाबलं की झालं! यंत्र विकणाराही हेच सांगतो. म्हणून दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते आजच्या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा. हे यंत्र काय पाहत नाही?

पहिली गोष्ट, त्याला आत शिरायलाच परवानगी लागते. जिथे ज्वालाग्राही वायू असू शकतो तिथे साधा मोबाइलसुद्धा चालत नाही, तर हे बॅटरीवर गरगरणारं यंत्र कसं चालेल? सेफ्टीवाला गॅस मीटर घेऊन फिरणार, परमिटवर सह्या होणार, मग तिपाई उभी राहणार. सकाळी आठला गेटवर पोहोचलेला माणूस पहिला स्कॅन साडेअकराला घेतो. ज्यांनी हे केलंय ते आता हसतायत, मला दिसतंय.

आत गेल्यावर तिपाई कुठे उभी करायची? यंत्राला एकच डोळा आहे. समोरचा पाइप दिसला की मागचा त्याच्या सावलीत गेला. म्हणून जागा बदलून पुन्हा स्कॅन, पुन्हा बदलून पुन्हा. एका मध्यम युनिटला शंभर-दीडशे जागा सहज होतात. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण तर या यंत्राला अक्षरशः लागू आहे. ते सगळीकडे पाहतं, फक्त स्वतःच्या तिपाईखालचा गोल त्याला दिसत नाही. आणि तिपाई जर चालू कॉम्प्रेसरच्या जाळीदार प्लॅटफॉर्मवर ठेवलीत, तर यंत्र थरथरतं आणि सरळ पाइप पडद्यावर शेवयांसारखा दिसतो. चकचकीत अॅल्युमिनियमचं आवरण किरण भलतीकडे उडवतं. ओलं, काळं रबर त्याला पिऊन टाकतं. वाफ मधे आली तर यंत्र वाफच मोजतं, इमानेइतबारे.

आणि उष्णता. इंजिनिअर नसलेल्यांसाठी सांगतो. वाफेचा ३० मीटर लांब पोलादी पाइप थंड असताना मोजा. मग त्यात वाफ सोडा, तो अडीचशे अंशांनी तापू द्या. पुन्हा मोजा. तो साधारण ९ सेंटिमीटर वाढलेला असतो. कारखान्यांत रस्त्याकडेच्या पाइपांना मधेच काटकोनात वळवलेला जो ‘यू’ आकाराचा वळसा दिसतो, तो ही वाढ सामावून घेण्यासाठी असतो, शोभेसाठी नाही. आता विचार करा. कारखाना चालू असताना स्कॅन केलात, मिलिमीटरपर्यंत अचूक केलात. नवा स्पूल त्यावरून बनवलात. तो बसवणार कधी? शटडाऊनमध्ये, सगळं थंड असताना. मिलिमीटरपर्यंत अचूक असलेलं तुमचं माप ९ सेंटिमीटरने चुकीचं! यंत्राची यात काहीच चूक नाही. त्या दिवशी, त्या तापमानाला पाइप तिथेच होता. स्कॅन कधी केला, हे लिहिलं होतं का? सर म्हणायचे ते हेच.

आता स्कॅन झाले दीडशे. ते एकमेकांना जोडायचे, त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. आपल्याकडे रजिस्ट्रेशन म्हटलं की दुय्यम निबंधकाची कचेरी आठवते. तसं नाही, पण कटकट तेवढीच. गोधडी शिवतो तसं आहे. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी दोन मिलिमीटरने चुकला तर दिसत नाही. वीस तुकडे ओळीने जोडलेत की गोधडीची कड कुठच्या कुठे गेलेली असते. म्हणून जाणकार लोक कारखान्यात आधी पक्के बिंदू बसवतात, टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या यंत्राने मोजतात आणि गोधडी त्यांना टाचतात. घाईतले लोक ही पायरी गाळतात. सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवतं आणि सगळे खूश होतात.

आणि शेवटी तो क्लाउड म्हणजे मॉडेल नव्हे. यंत्राला पाइप ठाऊक नाही, बिंदू ठाऊक आहेत. त्या बिंदूंतून पाइप ओळखायचा माणसाने, किंवा माणसाच्या देखरेखीखाली सॉफ्टवेअरने. एक गंमत सांगतो. आमच्याकडे सहा इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास सहा इंच नसतो. तो असतो १६८.३ मिलिमीटर. का? जुनी परंपरा, विचारू नका. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचं उष्णतारोधक आवरण चढवा, दोन्ही बाजूंनी मिळून शंभर. झाले २६८. आता उघड्या दहा इंची पाइपचा व्यास किती? २७३. म्हणजे आवरण घातलेला सहा इंची आणि उघडा दहा इंची यांच्यात यंत्राला पाच मिलिमीटरचा फरक दिसतो, त्यात वर पत्रा आहे, पत्र्याला पोचे आहेत. एका हुशार पोराने असा अख्खा पाइपरॅक दहा इंची करून आणला होता. सुंदर रंगीत मॉडेल. मी म्हटलं, “अरे, सहा इंची पंपातून दहा इंची लाइन कशी निघेल?” तो म्हणाला, “सर, क्लाउडमध्ये तसंच आहे.” पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याने तो कारखाना फक्त पडद्यावर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला साइटवर पाठवला, हातमोजे देऊन, आणि सांगितलं, पत्र्यावर हाताने टकटक करून ये. आज तो माझ्यापेक्षा चांगलं मॉडेल करतो.

मग इतक्या भानगडी असताना हे करायचं कशाला? कारण नीट केलं तर याला तोड नाही. दोन फ्लँज समोरासमोर बसताना त्यांच्या बोल्टच्या भोकांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. तोंडं वाकडी असतील तर २०० मिलिमीटरमागे १ मिलिमीटर, बस. शिडीवरून ओरडून घेतलेल्या मापाने हे साधत नाही, आणि साधलं तर ते मिस्त्रीचं नशीब. पूर्वी आम्ही स्पूलच्या एका टोकाला हातभर जास्तीचा पाइप ठेवायचो, जागेवर कापून जुळवू म्हणून. चांगल्या स्कॅनवरून केलेला स्पूल तसाच चढतो आणि बोल्ट हाताने जातात. बोल्ट हाताने जाणं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड अनुभव आहे. ज्यांनी पहारीने फ्लँज ओढून बोल्ट घातलेत त्यांना विचारा. ओढून जुळवलेल्या पाइपमध्ये तो ताण कायमचा राहतो आणि एक दिवस पंपाच्या बेअरिंगमधून बाहेर येतो.

तेलाच्या मोठाल्या टाक्यांचं पाहा. पूर्वी टाकीभोवती टेप गुंडाळून तिचं माप घेत, त्याला स्ट्रॅपिंग म्हणतात. आता स्कॅनर एका दिवसात सांगतो की टाकी कुठे फुगली आहे, कुठे कलली आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तर याचं मोल पैशांत सांगता येत नाही. मुंबई हायचं तेल सापडलं १९७४ साली, उत्पादन सुरू झालं १९७६ साली. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. तिथे एक माणूस पाठवायचा तर हेलिकॉप्टरमध्ये जागा हवी, समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण हवं, रात्री झोपायला बंक हवा. आणि एक माप विसरलं म्हणून परत जाता येत नाही. दोघं जण चार दिवसांत सगळा डेक स्कॅन करून आले, की पुढचे सहा महिने मुंबईतल्या ऑफिसात बसून तुम्ही हवं ते माप घेऊ शकता. विसरलेलंसुद्धा.

जाता जाता एक गोष्ट. पुष्कळांना वाटतं की हे तंत्र देवळं आणि लेणी मोजायला निघालं आणि मग कारखान्यांत आलं. झालं उलटं. बेन कॅसिरा नावाचे इराकमधल्या मोसुलमध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले स्थापत्य अभियंता. प्रत्यक्षात जसं बांधलंय तसं मोजायचं कसं, या आपल्याच प्रश्नातून त्यांनी १९९० च्या दशकात असा स्कॅनर बाजारात आणला. २००१ साली त्यांनी ती कंपनी विकली. त्याच वर्षी तालिबानने बामियानचे बुद्ध उडवले. मग २००३ मध्ये कॅसिरांनी जगातली वारसास्थळं स्कॅन करून ठेवणारी संस्था काढली. गुजरातेतल्या पाटणची रानी की वाव ही पायऱ्यांची विहीर २०११ साली अशीच स्कॅन झाली. तुमच्या खिशातल्या जांभळ्या शंभराच्या नोटेवर आहे, तीच. त्याच मोहिमेत जपानमधल्या नागासाकीच्या गोदीतली एक प्रचंड जुनी क्रेनही स्कॅन झाली, जी अजून उभी आहे. पाइपवाल्यांच्या यंत्राने विहिरीची शिल्पं जपली, याचा मला थोडा अभिमान आहे, लपवत नाही.

आता जरा गंभीर होतो. मी माझी गोष्ट सांगितली ती न बसलेल्या पाइपची. एक गोष्ट बसलेल्या पाइपची सांगायला हवी.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो नावाच्या गावाजवळ नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. सहा रिअ‍ॅक्टर एका ओळीत, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा थोडा खाली, पायऱ्यांसारखे. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या रिअ‍ॅक्टरला मोठा तडा गेलेला दिसला. तो काढला. उत्पादन तर थांबवायचं नाही. म्हणून चौथ्यातून थेट सहाव्यात जाणारा २० इंची पाइप तात्पुरता करायचं ठरलं. दोन्ही तोंडं वेगळ्या उंचीवर, म्हणून पाइपला मधे वाक द्यावा लागला. दोन्ही टोकांना लवचीक बेलो, म्हणजे भात्यासारखे सांधे. त्या पाइपचं ड्रॉइंग कुठे होतं? वर्कशॉपच्या जमिनीवर. खडूने काढलेलं. मांडणीवरून मोजून, पूर्ण आकारात, खडूने.

मंडळी, तो पाइप बसला. छान बसला. १ एप्रिलला कारखाना सुरू झाला आणि दोन महिने चालला. १ जूनला, शनिवारी, दुपारी पाच वाजायच्या सुमारास तो तुटला. बाहेर पडलेल्या सायक्लोहेक्झेनच्या ढगाचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. शनिवार होता, ऑफिसं रिकामी होती, म्हणून एवढ्यावर भागलं.

त्या दिवशी त्यांच्याकडे स्कॅनर असता तर? काहीही फरक पडला नसता. माप चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते हे, की आत दाब आला की वाकडा पाइप कसा पिळवटेल आणि बेलोंवर किती ताण येईल, याचा हिशेब कुणी केलाच नाही. तो करायला जाणता यांत्रिक अभियंता हवा होता. ती जागा कारखान्यात रिकामी होती. म्हणून मी स्कॅनिंगचा इतका चाहता असूनही प्रत्येक मालकाला सांगतो, की स्कॅनरच्या पैशात तुमचा पाइपिंगचा म्हातारा इंजिनिअर कापू नका. तो महाग नाही. तो फक्त कटकट करतो.

राहिली एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. लाखो रुपये खर्चून अख्ख्या कारखान्याचं स्कॅनिंग करतात. हार्ड डिस्क येते, तिच्यावर स्टिकर लागतो, ‘डिजिटल ट्विन’. बैठकीत मोठ्या पडद्यावर फिरवून दाखवतात. आणि दुसऱ्याच आठवड्यात मेंटेनन्सवाले एक व्हॉल्व्ह हलवतात. कुणी कळवत नाही. तीन वर्षांनी एखादा तरुण इंजिनिअर त्याच हार्ड डिस्कवरून स्पूल काढतो, अगदी मिलिमीटरपर्यंत, आणि शटडाऊनमध्ये वरून कुणीतरी मिस्त्री त्याला सांगतो, कारखानाच चुकलाय. कपाटातली वाळवी गेली, बाकी सगळं तेच राहिलं.

पुढच्या रांगेत आयटीआयची आणि डिप्लोमाची मुलं बसलेली दिसतायत. त्यांच्यासाठी एक काम. तुम्ही ज्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जाल, तिथल्या कपाटातून एक लाइनचं ड्रॉइंग मागून घ्या. एकच. ते हातात धरून पंपापासून टाकीपर्यंत चालत जा. टेप घ्या, एक-दोन मापं तपासा. पत्र्यावर टकटक करा. कागदावर आहे आणि जागेवर नाही, जागेवर आहे आणि कागदावर नाही, असं जे जे सापडेल ते लाल पेनाने त्याच ड्रॉइंगवर लिहा. सही करा. आणि कृपा करून तारीख टाका.